‘पब्लिक’ म्हणजे नेमकं कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मध्यंतरी पोलादपूरच्या एसटी स्थानकावर महाडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. गाडी आली ती भरूनच. दारातल्या कंडक्टरने आतल्या उतारूंना हाळी दिली, ‘मागं सरका मागं, खाली पब्लिक लय हाय!’ मी कसाबसा चढलो, दांडीला लोंबकळलो आणि मग मनात आलं, आपण आता पब्लिक झालो. खाली उभा होतो तोवर मी मी होतो, मला नाव होतं, गाव होतं. कंडक्टरच्या एका शब्दाने मी त्या गर्दीत मिसळून गेलो.

हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हेही लक्षात येत नाही. सिनेमा पडला तर ‘पब्लिकला आवडला नाही’, सभा रंगली तर ‘पब्लिक जाम होतं’, भांडण लागलं तर ‘पब्लिक जमलं’. त्याचं लिंगही आपण आपल्या सोयीने ठरवलं. कुणी ‘पब्लिक आली’ म्हणतो, कुणी ‘पब्लिक आलं’ म्हणतो. या बोलण्यातल्या पब्लिकला थोडा तुच्छतेचा वास आहे. बोलणारा स्वतःला त्यात धरत नाही. पब्लिक म्हणजे नेहमी दुसरे.

पोलादपूर ते महाड हा 18-20 किलोमीटरचा रस्ता. खिडकीशी जागा मिळाली आणि मी पाट्या वाचू लागलो. सार्वजनिक बांधकाम विभाग. अमुक पब्लिक स्कूल. नोटरी पब्लिक. सार्वजनिक वाचनालय. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ. एका भिंतीवर वकिलाने लावलेली जाहीर सूचना. या सगळ्यांच्या पोटात तो एकच इंग्रजी शब्द आहे. पूर्वी गावोगाव पिवळ्या पाटीवर ‘एसटीडी पीसीओ’ असं लिहिलेलं असे, त्यातला ‘पी’सुद्धा पब्लिकच. ते फोन आता गेले, पाट्या काही ठिकाणी गंजत उरल्या आहेत.

शब्द मुळात लॅटिन. ‘पोप्युलस’ म्हणजे लोक, त्यावरून आलेला ‘पुब्लिकुस’. वाटेत त्यात ‘पुबेस’ म्हणजे वयात आलेले पुरुष या शब्दाची सरमिसळ झाली, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे मुळातच या ‘लोकां’मध्ये सगळे नव्हते. बायका नव्हत्या, मुलं नव्हती, गुलाम तर नव्हतेच. इंग्रजीत आल्यावर या शब्दाने आणखी गमती केल्या. इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे ईटन, हॅरो यांसारख्या जबर फी घेणाऱ्या खाजगी शाळा. ‘पब्लिक हाऊस’ म्हणजे दारूचा गुत्ता, त्याचंच पुढे ‘पब’ झालं. आपल्याकडे ‘पब्लिक सेक्टर’ म्हणजे सरकारी कारखाना, पण ‘पब्लिक लिमिटेड’ म्हणजे शेअरबाजारात भाग विकू शकणारी कंपनी, बहुधा खाजगी मालकांचीच. महाडच्या औद्योगिक वसाहतीत फिरताना कंपन्यांच्या नावांपुढचं ‘लिमिटेड’ वाचून कुणी ते सरकारी समजू नये, एवढंच.

मराठीत तो शब्द आणायचा झाला तेव्हा आपल्या माणसांची खरी पंचाईत झाली. एकाच्या जागी अर्धा डझन शब्द लागले. पब्लिक प्रॉसिक्युटर म्हणजे ‘सरकारी’ वकील. पब्लिक सर्व्हिस कमिशन म्हणजे ‘लोकसेवा’ आयोग. पब्लिक इंटरेस्टची याचिका म्हणजे ‘जनहित’ याचिका. पब्लिक नोटीस म्हणजे ‘जाहीर’ सूचना. पब्लिक रोड नसला तर पाटी लागते, ‘आम रस्ता नाही’. आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी ‘सार्वजनिक’. सरकारचं, लोकांचं, सर्वांना कळवलेलं, सर्वांना खुलं: हे चार वेगवेगळे अर्थ. इंग्रज ते एकाच पिशवीत घालून फिरतो. आपण ते सुटे केले. मला वाटतं, यात मराठी जास्त प्रामाणिक ठरली. वस्तू सरकारी आहे म्हणून ती सर्वांना खुली असतेच असं नाही, आणि सर्वांना खुली असलेली वस्तू सरकारचीच असते असंही नाही.

यातला ‘सार्वजनिक’ हा शब्द बारकाईने बघण्यासारखा आहे. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी तिचे इतके आधारस्तंभ की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. या सभेचा सभासद व्हायचं तर किमान 50 जणांचं मुखत्यारपत्र आणावं लागे, म्हणजे मी लोकांच्या वतीने बोलतो हे कागदावर सिद्ध करावं लागे. जोतीराव फुल्यांच्या अखेरच्या पुस्तकाच्या नावातही हा शब्द आहे, ‘सार्वजनिक सत्यधर्म’. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1891 मध्ये प्रसिद्ध झालं. मग 1893 च्या सुमारास गणपती घरातून मांडवात आला आणि सार्वजनिक हा शब्द पोराटोरांच्या तोंडी गेला. या शब्दात एक अक्षर इंग्रजीपेक्षा जादा आहे, ते म्हणजे ‘सर्व’. लॅटिन शब्दाने सगळ्यांचं वचन दिलं नव्हतं. मराठी शब्दाने ते दिलं. देणाऱ्यांच्या मनात किती जण होते, हा प्रश्न वेगळा.

माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. गावात एक बांधीव विहीर होती, गावकीची. कोकणात गावकी म्हणजे काय हे मुद्दाम सांगायला नको. देवळाचा, होळीचा, पालखीचा आणि पाण्याचा कारभार तीच बघते. एका उन्हाळ्यात पंचायतीने विहिरीची डागडुजी केली आणि काठावर सिमेंटात अक्षरं कोरली: ‘सार्वजनिक विहीर’. मी नुकताच वाचायला शिकलो होतो, दिसेल ते मोठ्याने वाचायचो. आजीला विचारलं, ‘आजी, सार्वजनिक म्हंजे काय गं?’ तिने कळशी कमरेवर घेत सांगितलं, ‘म्हंजे आपल्या समद्यांची, बाळा.’

त्याच वेळी बौद्धवाडीतल्या बाया आमच्या विहिरीला वळसा घालून खालच्या अंगाच्या झऱ्याकडे जात होत्या. रोजच जायच्या. मला त्यात काही विशेष दिसलं नाही, कारण आजीच्या ‘समद्यां’मध्ये त्या नव्हत्याच, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं आणि मलाही नाही. ती वाईट बाई नव्हती. तिच्या भाषेत ‘गाव’ हाच शब्द मुळी असा होता की त्यातून वाडी आपोआप वगळली जायची. ‘गाव गोळा झालं’, ‘गावानं ठरवलं’, ‘गावची विहीर’. यातल्या गावाला एक कुंपण होतं आणि ते शब्दाच्या आतच होतं. म्हणून ‘पब्लिक’ हा परका शब्द इथे आला तेव्हा त्याने एक मोठी गोष्ट केली. त्याच्या आत आपलं जुनं कुंपण नव्हतं. ते कुंपण त्यात घालता येईल का, यावर एक खटला चालला, नऊ वर्षांहून जास्त, आणि तो आमच्या महाडलाच चालला.

महाड हे सावित्री नदीकाठचं जुनं बंदर, खाडीतून माल यायचा, घाटावर जायचा. मोठा बाजार, मामलेदार कचेरी, कोर्ट, सगळं तिथे. पोलादपूरकडच्या डोंगरातल्या गावांनाही मिरची-मिठापासून दाव्या-दस्तापर्यंत महाडच गाठावं लागे. या गावांतले महार हे वतनदार गावकामगार. गावच्या पाटला-तलाठ्यांचा टपाल तालुक्याला पोचवायचा, वसुलीचा पैसा कचेरीत भरायचा, ही कामं त्यांच्याकडे. म्हणजे हा माणूस सरकारी कामाला सरकारी कागद घेऊन दहा-दहा मैल चालत महाडला येई. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळेल असं शहरात एकच ठिकाण होतं, चवदार तळं. तिथे त्याला मज्जाव. त्याच्यासाठी विहीर होती ती शहराच्या मध्यापासून लांब, महारवाड्यात, गाळाने भरलेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. मला त्यातलं हे फार बोचतं की त्या माणसाच्या हातातला लखोटा सरकारचा होता, तो ज्या रस्त्याने आला तो सरकारचा होता, ज्या कचेरीत गेला ती सरकारची होती. तहान तेवढी त्याची स्वतःची होती.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सगळे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. इंग्रजी ठराव वाचला तर ‘पब्लिक’ हा शब्द त्यात पुन्हापुन्हा भेटतो. पाणवठे पब्लिक, पैसा पब्लिक, शाळा पब्लिक. बोल्यांनी खुबी केली होती. कोणती जागा कोणाची हे ठरवायला त्यांनी रूढी विचारली नाही, धर्म विचारला नाही. फक्त एवढंच विचारलं की खर्च कोणाच्या पैशातून झाला आणि ताबा कोणाचा आहे?

जानेवारी 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला आणि तळं कागदावर खुलं झालं. पुढची तीन वर्षं कागद कागदाच्या जागी राहिला आणि तळं तळ्याच्या. 1926 मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या संस्था पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचं अनुदान बंद करावं. एवढ्यावर नगरपालिका हलली असती का, सांगता येत नाही.

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाडचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे अशा मंडळींनी तिच्यासाठी खपून काम केलं होतं. हजारोंचा जमाव. त्यांना प्यायला पाणी पाहिजे, आणि तळं तर चार पावलांवर. परिषदेने स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. 1927 सालचे चाळीस रुपये. परिषदेतली इतर भाषणं, ठराव सगळे विसरलो तरी हा आकडा डोक्यातून जात नाही. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी जे पाणी ठरावाने खुलं केलं होतं, त्या गावात ते रोख मोजून घ्यावं लागलं.

20 तारखेला परिषद संपता संपता चित्र्यांनी सूचना मांडली की आता सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावं. मंडळी शिस्तीने रांगेत निघाली, बाजारातून तळ्यावर गेली, आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. मागोमाग लोकांनी घेतलं. नंतर गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांना झोडपून काढलं गेलं. कितीतरी जण जखमी झाले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही, हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम असावं. पुढे सनातनी मंडळींनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं.

इथवरची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. पुढची कोर्टकचेरी तितकीशी कुणी सांगत नाही आणि आपला शब्द तर तिथेच अडकला आहे.

ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने 1924 चा ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं, तेव्हा काही स्पृश्य नागरिकांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्यांची मागणी काय, तर चवदार तळं हे केवळ स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचं आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा, पाणी घेण्याचा हक्क नाही, असं कोर्टाने जाहीर करावं आणि कायमची मनाई करावी. म्हणजे बोल्यांच्या ठरावातून सुटायला एकच वाट होती: तळं पब्लिक नाही असं सिद्ध करणं. हे बघा, त्यांना कुणी ‘अस्पृश्यता हवी की नको’ असं विचारलं नव्हतं. त्या एका इंग्रजी शब्दाने त्यांना कोपऱ्यात गाठलं होतं, म्हणून त्यांना तळ्याची मालकी सांगावी लागली. वर्षानुवर्षं जे तळं ‘गावचं’ होतं ते एकाएकी खाजगी झालं.

25 डिसेंबर 1927 ला सत्याग्रह परिषद भरली. मांडवाला हिंदू जमीन देईनात, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर मात्र मनाईहुकूम होता. कलेक्टरने येऊन समजावलं, सभेत खूप खल झाला, आणि 27 तारखेला लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात न लावता. सरकारचा कायदा आपल्या विरुद्ध नाही, भांडण लोकांशी आहे, मग कोर्टाचा हुकूम मोडायचा कशाला, असा तो हिशेब होता. अनेक तरुणांना तो पटला नाही. आज लांबून बघताना मला तो हिशेब बरोबर वाटतो. पण त्या मिरवणुकीत मी नव्हतो आणि मला तहान लागली नव्हती, हेही खरं.

दावा चालला. 1931 मध्ये महाडच्या कोर्टाने निकाल दिला तो सत्याग्रहींच्या बाजूने. अपील झालं, तेही 1933 मध्ये फेटाळलं. मग मुंबई उच्च न्यायालय. तिथे 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. हे ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. एका माणसाच्या टेबलावरून काय काय जातं!

निकालात तळ्याचं वर्णन आहे. चार-पाच एकरांचा पाणसाठा, काही निसर्गाने केलेला, काही माणसाने. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, त्यांच्या पलीकडे स्पृश्यांची आणि काही मुसलमानांची घरं. इंग्रजीत त्याला ‘टँक’ म्हटलं आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रजाच्या तोंडी टँक म्हणजे तळं. पहिल्या महायुद्धात चिलखती गाडी बनवली तेव्हा गुपित राखायला तिला पाण्याच्या टाकीचं नाव दिलं आणि जगभर ते गाडीलाच चिकटलं. त्यामुळे महाडचा हा खटला नव्या मुलांना इंग्रजीत वाचायला दिला की ती क्षणभर दचकतात.

खाजगी मालकीचा दावा टिकला नव्हता, तळं नगरपालिकेकडचं ठरलं होतं. मग उच्च न्यायालयात भर राहिला तो रूढीवर. वादींचं म्हणणं, मालकी कुणाचीही असो, अस्पृश्यांनी इथे यायचं नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. वहिवाट हा आपला खास शब्द. पायाखालची वाट रोज चालून पडते तसा रोज चालून पडलेला हक्क. न्यायाधीशांनी विचारलं, अनादि कशावरून? आज भोवती स्पृश्यांची घरं आहेत, पण ती घरं कधी झाली? त्याआधी हे उघड्यावरचं पाणी असणार. तेव्हा कोण कोणाला अडवायला बसलं होतं? पुरावा नाही. ज्या काळाचा पुरावा आहे तो अनादि म्हणण्याइतका जुना नाही. अपील फेटाळलं.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा खट्टू झालो होतो. वाटलं होतं, माणुसकीवर काहीतरी गडगडाटी लिहिलेलं असेल. तसं काही नाही. वहिवाट जुनी असल्याचं सिद्ध झालं नाही, एवढाच कोरडा मुद्दा. याचा अर्थ उलटाही होतो, तो मनात आल्यावर अंगावर काटा येतो. वादींनी जुने कागद, जुने साक्षीदार आणून वहिवाट अनादि असल्याचं सिद्ध केलं असतं तर? तळं नगरपालिकेचं ठरूनही तिथे मज्जाव टिकला असता. नगरपालिकेचं, म्हणजे सरकारी, एवढा अर्थ कोर्टाने शब्दाला दिला होता. ‘सर्वांचं’ हा अर्थ कोर्टाने दिला नाही. तो 20 मार्च 1927 लाच पाण्यात उतरून दिला गेला होता.

पुढे हा प्रश्न पुन्हा लिहायला बाबासाहेबांच्याच हातात आला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन कुणालाही अटकाव करता येणार नाही, असं म्हटलं आहे. घटनेत मोठमोठी तत्त्वं असतात. त्यांच्या रांगेत विहीर आणि तलाव आलेले बघून परदेशी वाचक बुचकळ्यात पडत असेल. महाडच्या माणसाला ते कुठून आले हे सांगावं लागत नाही. इंग्रजी मसुद्यात शब्द आहे ‘टँक्स’. त्या कलमाने आणखी एक काम केलं. नुसतं ‘सरकारी पैशातून राखलेल्या’ म्हणून थांबलं असतं तर बोल्यांच्या ठरावाइतकंच झालं असतं. कलम पुढे जातं आणि सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी नेमून दिलेल्या जागाही त्यात घेतं. पैसा कुणाचा, यासोबत वापर कुणाचा, हाही निकष झाला. घटनेच्या मराठी प्रतीत या जागांना ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ म्हटलं आहे. ज्या कुणी भाषांतरकाराने ‘राबता’ हा शब्द तिथे बसवला त्याला माझा नमस्कार. राबता म्हणजे लोकांचं सततचं येणं-जाणं. जिथे लोक येतात-जातात ती जागा पब्लिक.

शब्द घटनेत बसला म्हणून गावात बसत नाही. 1970 च्या दशकात बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढली आणि गावोगाव फिरून बघितलं, तेव्हा जातीजातीचे वेगळे पाणवठे राजरोस चालू होते. आमच्या गावची ती सिमेंटातली अक्षरं त्याच काळातली. पुढे नळपाणी योजना आली, दारोदार नळ आले, बौद्धवाडीतही आले. विहिरीवर कुणी जाईनासं झालं. आज तिच्यात झाडं उगवली आहेत, ‘सार्वजनिक’मधला रफार सिमेंटासकट निखळला आहे. तिथे सगळ्यांनी एकत्र पाणी भरलं असा एकही दिवस माझ्या आठवणीत नाही. आमच्या गावाने त्या प्रश्नाचं उत्तर कधी दिलंच नाही, नळाने ते टाळलं.

सार्वजनिक या शब्दाची आणखी एक बाजू याच रस्त्यावर आहे. महाडला तळ्याचा दावा चालू होता, त्याच सुमारास, 1928 मध्ये, सावित्रीवर दगडी कमानींचा पूल बांधला गेला. या पुलावरून जन्मभर सगळे गेले, आम्ही, वाडीतले, मुंबईचे चाकरमानी, गोव्याचे ट्रक. तो कुणाचा असं कुणी विचारलं नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात तो पूल कोसळला. एसटीच्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या, कितीतरी घरं उजाडली. त्या आठवड्यात नदीकाठी उभी असलेली माणसं पहिल्यांदा विचारत होती की हा पूल कुणाचा होता, बघायचं काम कुणाचं होतं? नवा पूल 2017 च्या जूनमध्ये सुरू झाला, विक्रमी वेळात. एसटी त्या नव्या पुलावर आली की अजूनही खिडकीतली माणसं एकदा खाली बघतात. कंडक्टरसुद्धा.

महाडला उतरून मी तळ्यावर गेलो. आता चारी बाजूंना बांधीव पायऱ्या आहेत, बाबासाहेबांचा पुतळा आहे. एरवी दुपारी तिथे शांतता असते. एखादा म्हातारा सावलीत बसलेला असतो, शाळकरी पोरं दप्तरं टाकून पायरीवर बसून गप्पा मारतात. 20 मार्चला मात्र मुंबईपासून विदर्भापर्यंतची माणसं लोटतात. बायका तान्ह्या मुलांना घेऊन पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात, कुणी ते पितं, कुणी नुसतं डोळ्यांना लावतं. अशाच एका 20 मार्चला मी तिथे उभा असताना एक हवालदार कर्ण्यावरून सारखा ओरडत होता, ‘पब्लिकनं एका बाजूनं उतरायचं, दुसऱ्या बाजूनं चढायचं.’ घसा बसला होता बिचाऱ्याचा. माझ्या पुढच्या पायरीवर मराठवाड्याकडची एक आजी होती. तिने मागे वळून मला विचारलं, ‘दादा, त्यो कुणाला म्हनतोय?’

‘आपल्याला, आजी,’ मी म्हटलं. ती पदर सावरत डाव्या बाजूला सरकली आणि माझ्यासाठी पायरीवर जागा झाली.